कशासारखं?

शारजा, इंडस्ट्रियल एरिया नंबर दहा.
खाली टायरचं दुकान, वर आमचा स्टुडिओ,
जिन्यात कायम रबर जळल्याचा वास.
मी मधली चित्रं काढतो.
म्हणजे असं: तलवार उपसण्याआधीचा हात
तोक्योहून येतो, उपसल्यानंतरचाही येतो.
मधले अकरा हात माझे.
नाव सहसा येत नाही. आलंच तर
इतकं झपकन वर सरकतं
की सांगलीत आईला टीव्ही थांबवावा लागतो.

निळ्या केसांच्या पोराचा हा पाचवा सीझन.
चार वेळा मेला, चार वेळा दुसऱ्या जगात जन्मला,
दर वेळी तीच तलवार, दर वेळी तीच पोरगी
शाळेच्या गच्चीवर त्याची वाट बघत.
त्याच्या मरणावर आमचे पगार होतात.

माझ्या गोष्टीत गाड्या होत्या.
विमानतळामागच्या मैदानात टाकून दिलेल्या,
कर्ज बुडवून रातोरात गेलेल्यांच्या.
काचेवर बोटभर धूळ, वायपरखाली पालिकेची नोटीस.
एक मुलगी रोज येते, गाड्या पुसते,
आणि पुसलेली गाडी तिला सांगते
मालक शेवटचं काय गुणगुणत होता.
बस्स. तलवार नाही. कोणी मरत नाही.

खलफान साहेबांनी चित्रं नीट पाहिली,
गहवा थंड होऊ दिला.
मग विचारलं, हे कशासारखं आहे?

आमच्या भाषेत या शब्दाला फार घरं आहेत.
आई म्हणायची, चादर सारखी कर,
म्हणजे सुरकुती ठेवू नकोस.
लाडू दोघांत सारखे वाट.
बाबा म्हणायचे, सारखं सारखं काय गिरबटतोस.
साहेबांना यातलं कुठलं हवं होतं?

कशासारखंच नाही, मी म्हणालो.
एसीचा आवाज मोठा झाला.

माणूस वाईट नाही, हेही लिहून ठेवतो.
म्हणाले, माझे आजोबा एका मोसमात
सगळे जातात ते सोडून दुसऱ्याच बंदराला गेले.
होडी परत आली नाही.
घर वीस वर्षं फेडत होतं.
मग काचेपलीकडे बोट केलं:
बेचाळीस टेबलं, बेचाळीस व्हिसा.
त्यात माझंही टेबल होतं.
शेजारी मारिविक पाचव्या सीझनचं आकाश रंगवत होती,
चौथ्याचंच, जरा गुलाबी.

मी मान हलवली. तो होकार धरला गेला.

रात्री मैदानात गेलो.
बारा गाड्या एका रांगेत.
पहिल्या पजेरोच्या काचेवर बोटानं मुलगी काढली,
हात खाली. दुसरीवर हात कणभर वर.
बाराव्या कोरोलावर हात पुरता वर,
फडकं हवेत.
पहिलं चित्र माझं. शेवटचंही माझं.

मारिविकनं स्टुडिओची व्हॅन वीसच्या वेगानं नेली,
मी खिडकीला नाक लावून.
हलली!
बारा काचांतून एकच पोरगी
हात उंचावत गेली.
मारिविक तिच्या भाषेत काहीतरी ओरडली.
सात चकरा मारल्या, कंपनीच्या पेट्रोलवर.

गुरुवारी सातवी गाडी पालिकेनं उचलली.
तिथे आता मुलगी दचकते.
शनिवारी शमाल सुटला,
तीन काचा कोऱ्या झाल्या.
मी जाऊन पुन्हा काढली, जरा वेगळी,
कारण आधीची नीट आठवेना.

रविवारी पहाटे तिथे उभा होतो,
एक पांढरी लँड क्रूझर रांगेपाशी मंद झाली.
पुढे गेली. मग रिव्हर्समध्ये मागे आली,
म्हणजे मुलीचा हात खाली आला.
पुन्हा पुढे. पुन्हा वर.
काचा काळ्या होत्या. आत कोण, दिसलं नाही.

सोमवारच्या बैठकीत केसांची निळी छटा ठरली.
उठता उठता शाजहाननं विचारलं,
व्हॅनचं पेट्रोल कुणी संपवलं?
मी हात वर केला,
कणाकणानं.